आल्प्समध्ये सायकल, पण गाड्यांशिवाय : कोणता मार्ग घ्यावा?

घाटवेडा

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये धाकट्या भावाकडे श्टुटगार्टला जाणं होतंय. त्याला जोडून आठ-दहा दिवस आल्प्समध्ये सायकल चालवायचा विचार आहे. मी स्वतः ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी करत असतो, त्यामुळे चढाचं टेन्शन नाही. पण यावेळी बायको आणि बारा वर्षांची लेक बरोबर आहे. लेक दिवसाला चाळीसेक किलोमीटर हसतखेळत चालवते, फक्त रस्त्यावर गाड्या नकोत. मुळशी रोडला एक डंपर अगदी हँडलला घासून गेला, तेव्हापासून ती मोठ्या रस्त्यावर सायकल काढतच नाही. आणि तिचं बरोबरच आहे.

गूगलवर शोधलं तर पहिल्या पानावर सगळे स्टेल्व्हिओ, ग्रोसग्लॉकनरसारखे उंच घाट आणि घामाघूम झालेले लोक. मला हवाय असा मार्ग, जिथे आजूबाजूला खरे डोंगर दिसतील, पण चाकाखाली ट्रक-कार नसतील. असं काही असतं का, की डोंगर हवे असतील तर गाड्या सहन करायच्याच? कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा. पॅनिअर (सायकलच्या सामानाच्या पिशव्या) लावून गावोगाव फिरायची तयारी आहे, एका ठिकाणी राहून रोज वेगळीकडे जायचीही.

पेडलपुराण

मी पयला. माहिती येईपर्यंत वाचनखूण साठवली आहे.

इसारकाठ

असतं, आणि भरपूर असतं. मी म्युनिकला राहते. आमचा पाच-सहा मराठी घरांचा गट दर उन्हाळ्यात मुलाबाळांसकट हेच करतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे नकाशा वाचणं सोपं जाईल. आल्प्समधले बिनगाड्यांचे चांगले रस्ते दोन प्रकारचे. एक, नदीच्या काठाने जाणारे. दुसरे, बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर केलेले. आगगाडीला दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त चढ झेपत नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वी इंजिनिअरांनी डोंगर फोडून, पूल बांधून, वळसे घेत लाईन नेली. ती लाईन बंद झाली, रूळ निघाले आणि सायकलवाल्यांना आयता सौम्य चढाचा, बोगद्या-पुलांचा रस्ता मिळाला. त्यामुळे घाटरस्ता शोधू नका, जुनी रेल्वे शोधा.

तुमच्यासाठी माझं मत : टोब्लाखला तळ ठोका. इटलीच्या दक्षिण तिरोल भागातलं हे गाव. इटालियन नाव दोब्बियाको, स्टेशनवर दोन्ही नावं लिहिलेली असतात. उंची साधारण १२४० मीटर. इथून दोन रस्ते निघतात आणि दोन्ही मुलांना झेपतात.

पहिला पूर्वेकडे, ऑस्ट्रियातल्या लिएन्त्सपर्यंत. द्रावा नदी टोब्लाखजवळच उगम पावते आणि रस्ता तिच्या सोबतीने खाली जातो. ४५ किलोमीटरच्या आसपास अंतर आणि एकूण साडेपाचशे मीटरचा उतार. म्हणजे जवळपास सगळा वेळ सायकल आपणहून पळते. इटलीतून ऑस्ट्रियात कधी शिरलो ते पोरांना कळतही नाही. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा. सिलियानजवळ लोआकर वेफर्सचा कारखाना आणि दुकान रस्त्याला लागूनच आहे, तिथे तुमचा अर्धा तास गेला म्हणून समजा. लिएन्त्सहून सायकलसकट ट्रेनने परत. उन्हाळ्यात ही उतारयात्रा इतकी लोकप्रिय असते की संध्याकाळच्या परतीच्या गाड्यांत सायकलींची झुंबड उडते. म्हणून सकाळी आठला निघा आणि दुपारी दोनच्या आत लिएन्त्स सोडा. किंवा सायकल टोब्लाखला भाड्याने घेऊन लिएन्त्सला परत करता येईल असा दुकानदार बघा आणि हात हलवत ट्रेनमध्ये बसा.

दुसरा दक्षिणेकडे, कोर्तिनाला. हा माझा सगळ्यात लाडका, पण त्याच्याबद्दल रात्री लिहिते, आत्ता मीटिंग आहे.

चेनरिंग

सॉरी, पण जरा वेगळं मत. आल्प्सला जाऊन नदीकाठच्या सपाट पट्टीवर आइस्क्रीम खात फिरायचं असेल तर इतक्या लांब कशाला जायचं? सेल्ला रोंदा करा. चार खिंडी, प्रत्येक वळणावर डोलोमाइटचे कडे. तुम्ही वरंधा करणारे माणूस, तुम्हाला जमेल. बायको-मुलीला केबल कारने वर पाठवा.

घाटवेडा

चेनरिंग, सेल्ला रोंदा एकट्याने जाईन तेव्हा नक्की. ही ट्रिप तिघांची आहे. केबल कारमधून हात हलवणारं कुटुंब नकोय मला.

इसारकाठ ताई, रात्रीची वाट बघतोय.

उज्ज्वला_ग्राझ

चेनरिंग, सेल्ला रोंदाला जूनमध्ये मोटरसायकलींचा जो आवाज असतो तो ऐकलाय का? एकामागून एक पंधरा-वीस. वर्षातून काही ठरावीक दिवस तो रस्ता गाड्यांना बंद करून फक्त सायकलींना देतात. तो दिवस साधला तर गोष्ट वेगळी, नाहीतर धागाकर्त्याने जे नको म्हटलंय तेच तिथे आहे.

इसारकाठ

हां, तर कोर्तिनाचा रस्ता.

पहिल्या महायुद्धात इथे ऑस्ट्रिया आणि इटलीची आघाडी समोरासमोर होती. दोन्ही बाजूंनी आपापल्या सैन्याला रसद पुरवायला छोट्या रेल्वे टाकल्या. युद्ध संपल्यावर त्या जोडून १९२१ मध्ये टोब्लाख ते कालाल्त्सो अशी प्रवासी लाईन सुरू झाली, मध्ये कोर्तिना. १९५६ च्या हिवाळी ऑलिम्पिकला लोक याच गाडीने आले. १९६४ मध्ये ती बंद पडली. आता तिच्या जागेवर साठ-पासष्ट किलोमीटरचा सायकलमार्ग आहे.

टोब्लाखहून निघालात की थोड्या वेळात टोब्लाखचा तलाव, मग युद्धातल्या सैनिकांचं छोटं कब्रस्तान, मग लान्द्रोचा तलाव. तलावाच्या थोडं अलीकडे डाव्या हाताला एक दरी उघडते आणि आत एकदम त्रे चिमेचे तीन सुळके दिसतात. वळणावर फलक आहे, पण पोरं उताराच्या नादात असली की हुकतं. (तुम्ही जाताना चढावर असाल, त्यामुळे हुकणार नाही.) पुढे चिमाबान्के खिंड, १५३० मीटर. म्हणजे पंधराएक किलोमीटरमध्ये जेमतेम तीनशे मीटर चढ. तुमच्या लेकीला चढ आहे हे कळेल, पण उतरून ढकलावं लागणार नाही. खिंडीनंतर कोर्तिनापर्यंत उतार, मध्ये जुने बोगदे आणि खोल घळीवरचे पूल.

रस्ता कोर्तिनापर्यंत बारीक दाबलेल्या खडीचा आहे. पावसानंतर पाठीवर चिखलाची रेघ उठते. रोड बाईकच्या २५ मिमी टायरवर जीव जाईल, ३५ च्या पुढचे टायर हवेत. कोर्तिनाच्या पुढे कालाल्त्सोपर्यंत डांबरी, तोही उतार. जुनी स्टेशनं अजून उभी आहेत, काहींवर गावाचं नाव तसंच.

गाड्यांचा हमरस्ता बराच वेळ बाजूने जातो, तो ऐकू येतो. पण झाडं मध्ये आहेत आणि तुमच्या वाटेवर तो येत नाही.

वऱ्हाडी_ठसका

वाचून भारी वाटलं ताई. पण एक सांगू का? आमच्याकडं यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला बंद पडून राह्यली, अन् मागच्या वर्षी कुणीतरी शहाण्यानं फेसबुकवर लिहिलं का, तिच्या जागेवर सायकल ट्रॅक करा, युरोपासारखा. अबे, लोकं गाडी सुरू करा म्हणून आंदोलनं करून राह्यले! आम्हाले गाडी पाहिजे, ट्रॅक नाही.

इसारकाठ

वऱ्हाडी, शंभर टक्के बरोबर. इथलीही कथा सरसकट गोड नाही. ऑस्ट्रियाच्या सरहद्दीजवळच्या ब्रेनरला किंवा तार्विझियोला जुनी लाईन सोडली ती नवी लाईन बोगद्यातून गेली म्हणून, म्हणजे गाडी आहेच. कोर्तिनाचं तसं नाही. तिथली गाडी गेली ती गेलीच. आज कोर्तिनाला रेल्वे स्टेशन नाही. २०२६ च्या ऑलिम्पिकलाही लोक कालाल्त्सो किंवा टोब्लाखला उतरून बसने आले. आम्ही मजेत सायकल चालवतो त्या रस्त्यावरून तिथल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेणारी गाडी जायची.

पेडलपुराण

अवांतर होतंय, पण छान होतंय. शकुंतलेसाठी वेगळा धागा काढा कुणीतरी.

उज्ज्वला_ग्राझ

मी आल्पे-आद्रियाबद्दल लिहिते, कारण तुम्ही गावोगाव फिरायची तयारी आहे म्हणालात. झाल्त्सबुर्ग ते ग्रादो, चारशे दहाच्या आसपास किलोमीटर. आल्प्सच्या उत्तरेकडून निघून थेट एड्रियाटिक समुद्रात पाय बुडवायचे. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या सायकल मेळाव्यात याला वर्षातला सर्वोत्तम मार्ग ठरवलं होतं आणि तेव्हापासून गर्दी वाढली.

यातली युक्ती ही की मुख्य डोंगररांग सायकलने ओलांडायचीच नाही. ब्योकश्टाइनला सायकलसकट ट्रेनमध्ये चढायचं. साडेआठ किलोमीटरचा ताउएर्न बोगदा पार करून दहा-बारा मिनिटांत पलीकडे माल्नित्सला उतरायचं. हा बोगदा १९०९ चा आहे. उत्तरेकडे कोट घालून बसलेले लोक दक्षिणेकडे उतरून कोट काढतात, इतकी हवा बदलते कधीकधी.

पण तुमच्या लेकीसाठी सगळा मार्ग मी सुचवणार नाही. कारण जाहिरातीत «गाड्यांशिवाय» लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तीन ठिकाणी ते खरं नाही.

पहिलं, गोलिंग ते व्हेर्फेनमधली लूएग खिंड. तिथे साध्या रस्त्यावरून जावं लागतं. बाजूला मोटरवे असल्याने ट्रक कमी, पण कार आहेत. दुसरं, गास्टाइनच्या दरीत शिरताना क्लामचा बोगदा. सायकलींना कडेची जागा आहे, पण आत गाड्यांचा आवाज असा घुमतो की मोठ्या माणसालाही नको वाटतं. तिथे सरळ श्वार्झाखहून ट्रेन पकडा. तिसरं, माल्नित्सहून खाली ओबरफेल्लाखला उतरताना पाचशे मीटरचा रस्त्याने उतार. छान आहे, पण पॅनिअर भरलेले आणि मूल बरोबर, तर ब्रेकवर लक्ष ठेवा. सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा दाबा-सोडा. दर पाच-सात मिनिटांनी थांबा, रिम किंवा डिस्क गार होऊ द्या.

याच्या उलट जो भाग डोळे झाकून करावा असा आहे तो इटलीतला : तार्विझियो ते मोज्जो. १८७९ मध्ये पुरी झालेली पोन्तेब्बाची जुनी रेल्वे. नव्वदच्या दशकात नवी लाईन डोंगराच्या पोटातून गेली आणि जुनी मोकळी झाली. एकामागून एक बोगदे, फेल्ला नदीवर उंच लोखंडी पूल, खाली निळसर-पांढरं पाणी. पुलावर थांबून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. कठडा भक्कम आहे, पण माझा नवरा आजही मधोमध चालवतो. क्युसाफोर्तेच्या जुन्या स्टेशनात आता कॅफे आहे. फलाटावर, छपराखाली टेबलं मांडलेली असतात आणि जिथे रूळ होते तिथे सायकलींची रांग. जवळपास सगळा मार्ग उतार.

मोज्जोच्या पुढे काही तुकडे परत गाड्यांच्या रस्त्याने आहेत. मग वेन्झोने. १९७६ च्या भूकंपात हे तटबंदीचं गाव भुईसपाट झालं होतं. तिथल्या लोकांनी चर्चच्या दगडांवर नंबर घालून ते परत रचलं. रात्रीचा मुक्काम तिथे करा. पुढे उदिने, चांदणीच्या आकाराचं पाल्मानोवा, आक्विलेयाच्या रोमन फरशा आणि ग्रादो, पण तो सपाट प्रदेश, डोंगर मागे पडतात. जूनअखेरीस तिथे उकाडाही आपल्याला परिचयाचा वाटेल असा.

चेनरिंग

उज्ज्वला ताई, बोगद्याची माहिती उपयोगी. माझ्याकडून एक भर : इटलीत बोगद्यात सायकलवर दिवे आणि चमकणारं जाकीट कायद्याने लागतं. जुन्या रेल्वेच्या बोगद्यांत बहुतेक ठिकाणी दिवे आहेत, तरी पुढचा-मागचा दिवा लावाच. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरलं की काही सेकंद काहीच दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्यालाही तसंच. गॉगल आधी काढा.

मनमौजी_कोथरूड

ई-बाईकबद्दल कोणी बोलेना. मी ६९ चा आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गेल्या सप्टेंबरमध्ये मुलाबरोबर दक्षिण तिरोलमधलं माल्स ते मेरान भाड्याच्या ई-बाईकवर केलं. इथले काही शूरवीर «ही कसली सायकल» म्हणतील, म्हणू देत.

त्या दरीला फिन्शगाउ म्हणतात. वर रेशेन खिंडीत एक तलाव आहे, त्यात चर्चचा मनोरा पाण्यातून वर आलेला दिसतो. १९५० मध्ये धरण झालं, ग्राउन गाव बुडालं, मनोरा तेवढा राहिला. मी मूळचा वेल्ह्याकडचा, पानशेतमध्ये आजोळ गेलेलं. मनोऱ्याजवळ लोक सेल्फी काढत होते, मी जरा लांबच उभा राहिलो.

तलावाला फेरी मारायला पंधराएक किलोमीटरचा रस्ता आहे. तिथून माल्सपर्यंतचा उतार तीव्र आहे, मुलांना तो टाळून माल्सपासूनच सुरू करा. ग्लुर्न्स नावाचं तटबंदीचं इवलंसं शहर लागतं, मग साठ किलोमीटर सफरचंदाच्या बागा. अगदी हँडलला फळं लागतील इतक्या जवळून. (तोडू नका, मालक असतो.) मेरानच्या आधी ट्योल येथे नागमोडी उतार आहे, तेवढा सांभाळून. दरीतली रेल्वे १९९० मध्ये बंद केली होती, २००५ मध्ये पुन्हा सुरू केली. वऱ्हाडी भाऊ, हे वाचा. बंद पडलेली गाडी परत चालू होऊ शकते. दमलात की कुठल्याही स्टेशनात शिरा. फक्त आधी चौकशी करा, कारण कामासाठी लाईन बंद असली की बस लावतात आणि बसमध्ये सायकलीला जागा मिळेलच असं नाही.

वऱ्हाडी_ठसका

काका, १५ वर्षांनी का होईना पण सुरू केली. हे आमच्या खासदारांना दाखवतो.

घाटवेडा

काय सुंदर माहिती येतेय! काही शंका :

१. ई-बाईक बायकोसाठी घ्यावी का? ती फिट आहे पण सलग सहा दिवस चालवायची सवय नाही.
२. मेरानच्या पुढे बोल्झानो-वेरोना करावं का? नकाशात सलग सायकलमार्ग दिसतोय.
३. आम्ही शाकाहारी. अंडं चालतं.
४. पुण्यातून सायकली न्याव्यात का?

इसारकाठ

४ नंबर आधी. नेऊ नका. तीन खोकी विमानात, मग श्टुटगार्टहून ट्रेनमध्ये, निम्मी सुट्टी खोकी उचलण्यात जाईल. टोब्लाख, इनिखेन, लिएन्त्स, सगळीकडे भाड्याने मिळतात, मुलांच्याही. ई-बाईकची बॅटरी प्रवासी विमानात तशीही नेऊ देत नाहीत.

१. जरूर घ्या. पण तिघांत एकच ई-बाईक असेल तर पॅनिअर तिच्यावर टाका. आमच्याकडे हा नियमच आहे.

२. बोल्झानो ते वेरोना सलग आहे, सपाट आहे, गाड्या नाहीत. आणि मला तो कंटाळवाणा वाटतो. आदिजे नदीच्या बांधावरून सरळ रेघ, आणि पलीकडे ब्रेनर मोटरवेची घरघर दिवसभर. गाड्या वाटेत नसल्या म्हणजे शांतता असतेच असं नाही. शिवाय दुपारनंतर गार्दा तलावाकडून ओरा नावाचा वारा दरीत वर चढतो, तो दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या थेट तोंडावर. सपाट रस्त्यावर तासाला दहाचा वेग. गेलातच तर सकाळी सातला निघून एकपर्यंत दिवस संपवा. त्रेन्तिनो भागात सायकलमार्गाला लागून बिचीग्रिल नावाची खाण्याची ठिकाणं आहेत, नोमीचं चांगलं आहे, तेवढा एक गुण.

ज्यांना त्या बाजूला जायचंच आहे त्यांनी ब्रेनरहून खाली या. ब्रेनर ते गोस्सेनसास जुन्या रेल्वेवरून आहे, आणि क्लाउझेन ते बोल्झानोचा बराच भागही. बोगद्यांसकट. पण मध्ये ब्रिक्सेनच्या आसपास चढउतार आहेत जे नकाशात दिसत नाहीत.

३ चं उत्तर उज्ज्वला देईल, मी मासे खाते.

उज्ज्वला_ग्राझ

शाकाहारींनी तिरोलमध्ये उपाशी राहायची वेळ येत नाही. श्लुट्झक्राप्फेन म्हणजे पालक आणि चीज भरलेल्या करंजीच्या आकाराच्या पातळ पोळ्या, वर वितळलेलं लोणी. पालकाचे क्नोडेल, म्हणजे उकडलेले गोळे. काइझरश्मार्न गोड, अंडं असतं, मुलांना हमखास आवडतं. सूप मात्र विचारून घ्या, क्नोडेल शाकाहारी आणि रस्सा गोमांसाचा असं होतं.

खरी अडचण वेळेची आहे. इटलीत अडीच ते सहा-सात स्वयंपाकघर बंद. ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद, फक्त मोठ्या स्टेशनातली किंवा पेट्रोल पंपावरची चालू. शनिवारी संध्याकाळी ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा. आम्ही मेतकूट आणि लिंबाचं लोणचं नेतो. दहा दिवस चीज खाऊन आठव्या दिवशी मेतकुटाची डबी उघडली की सगळे गप्प होतात.

पाणी विकत घेऊ नका. प्रत्येक गावात वाहतं कारंजं असतं, बाटली भरा. पाटी मात्र वाचा : पिण्यायोग्य नसेल तर तसं लिहिलेलं असतं.

पेडलपुराण

स्लोव्हेनियाचं कुणी लिहिलं नाही. तार्विझियोहून रातेचे, क्रान्स्का गोरा आणि पुढे येसेनित्सेकडे जुन्या रेल्वेवर डांबरी मार्ग आहे. रातेचेजवळ झेलेंत्सी म्हणून हिरव्यागार पाण्याचा झरा आहे, तळातून वाळूचे बुडबुडे येत असतात. तार्विझियोला एक रात्र जास्त थांबून एका दिवसात दोन देशांची हवा खाता येईल.

घाटवेडा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. घरी चर्चा झाली, असं ठरतंय :

टोब्लाखला चार रात्री. एक दिवस लिएन्त्स, एक दिवस कोर्तिनापर्यंत जाऊन सायकल घेणाऱ्या बसने परत, एक दिवस आराम. मग ट्रेनने फिलाख, तिथून तार्विझियो. तार्विझियोला दोन रात्री, एक दिवस स्लोव्हेनिया. मग जुन्या रेल्वेने मोज्जो, वेन्झोने. तिथून उदिनेला ट्रेन आणि परत. ग्रादोचा समुद्र यावेळी नाही, लेक रुसली आहे.

तारीख ३० मे ते ८ जून.

इसारकाठ

बेत मस्त. तारीख बदला.

२ जूनला इटलीत प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. त्याच सुमारास बव्हेरियात शाळांना पेन्टेकॉस्ट या ख्रिश्चन सणाची दोन आठवडे सुट्टी, म्हणजे अर्धं म्युनिक टोब्लाखला. (त्यात मीही.) लिएन्त्सच्या ट्रेनमध्ये सायकल शिरणार नाही आणि खोल्या दुप्पट भावाने. शिवाय चिमाबान्केच्या सावलीत मेअखेरपर्यंत कधी कधी बर्फाचे तुकडे राहतात. २० जूननंतर या. दिवस मोठा, रात्री नऊपर्यंत उजेड. दुपारी तीन-चारनंतर मात्र डोंगरात गडगडाट होऊ शकतो, म्हणून पल्ला दोनच्या आत संपवायचा.

फिलाख ते उदिने या पट्ट्यात मिकोत्रा म्हणून गाडी आहे, तिच्यात सायकलींना खास डबा असतो. बाकी लांब पल्ल्याच्या गाड्यांना सायकलचं आरक्षण तिकिटाबरोबरच करा, स्टेशनवर ऐनवेळी मिळत नाही. आणि व्हिसा भावाकडे जास्त दिवस म्हणजे जर्मनीचाच काढा, तो तिन्ही देशांत चालतो.

घाटवेडा

२१ जून पक्की. आज रात्री विमानं बघतो.

शेवटची शंका : लेक १४५ सेंमी उंच आहे. तिला २४ इंची चाक मागू की २६?

चेनरिंग

१४५ ला २४ पण चालेल, पण वाढतं वय आहे आणि खडीवर मोठं चाक बरं. २६ इंची, छोटी फ्रेम मागा. बुक करताना तिची आतल्या बाजूने पायाची लांबी कळवा, नुसती उंची नको. आणि दुकानात सीट बसवली की तिला ब्रेकचा दांडा दोन बोटांनी पूर्ण दाबून बघायला सांगा. भाड्याच्या सायकलींचे दांडे मोठ्यांच्या हाताच्या मापाचे ठेवलेले असतात, एक स्क्रू फिरवून आत घेता येतात. ते करून घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका.

मनमौजी_कोथरूड

आणि फोटो टाका हो परत आल्यावर. वेन्झोनेचे विशेष.